दक्षिणेचं दार

कपाटातल्या खुर्चीवर बसून सुहासिनीकाकू बाहेरचं बोलणं ऐकत होत्या. इकडची, अमेरिकेतली कपाटं म्हणजे छोटी खोलीच असते. कपडे, बॅगा, वॉकर आणि काकू, सगळं त्यात मावलं होतं.

एजंटबाईंनी बजावलं होतं, गिऱ्हाईक घर बघायला आलं की मालकांनी घरात थांबायचं नाही. तशी पद्धतच आहे. म्हणून चंद्रशेखरकाका खाली पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले होते. काकूंना ते शक्य नव्हतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गेल्या अकरा महिन्यांत त्या एकदाच खाली उतरल्या होत्या, तेही अँब्युलन्सवाल्यांनी खुर्चीत बसवून उतरवलं म्हणून. हे घर विकलं तर तळमजल्यावर कुठेतरी जागा घेता येणार होती. नाही विकलं तर पुढचं सगळं आयुष्य खिडकीतून बघायचं, हे त्यांना कळून चुकलं होतं आणि त्याची त्यांना भीती वाटायची.

घरात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दार दक्षिणेला होतं, एवढंच. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी ते घेतलं तेव्हा एडिसनच्या या बिल्डिंगमध्ये इटालियन आणि पोलिश म्हाताऱ्या राहायच्या. दाराची दिशा कुणाच्या गावीही नव्हती. शेजारी आपली माणसं हवीत म्हणून काकूंनीच तेव्हा देवाला साकडं घातलं होतं. देवानं जरा जास्तच ऐकलं. आता खालच्या टपालपेट्यांवर निम्म्याहून जास्त नावं आपल्याकडची होती, आणि घर बघायला येणारा प्रत्येक जण उंबऱ्यातच फोनवरचं होकायंत्र उघडत होता. एकोणीस जण आले आणि आतल्या खोल्यासुद्धा न बघता गेले.

आज आलेली जोडी चक्क मराठी बोलत होती.

"शिव, पुढच्या महिन्यात लीज संपतंय," बायको सांगत होती. "सात ऑफर रिजेक्ट झाल्यात आपल्या. या एकाच घरावर कुणी आपल्यापेक्षा वरचढ बिड करणार नाहीये यार."

"मला काय सांगतेस, इला? आईला कन्व्हिन्स कर. डाउन पेमेंट ती देतेय."

शिवची आई नागपूरहून व्हिडिओ कॉलवर होती. तिचा आवाज घरभर घुमत होता.

"दक्षिणेचं दार घरच्या बाईवर येतं, इला. तिथली बाई कशी आहे ते आधी बघा. तिला लाभलं असेल तर घ्या, गुरुजी म्हणाले."

"आई, शोइंगच्या वेळी मालक घरात नसतात."

"मग नकोच ते घर."

तिथली बाई म्हणजे त्याच. बाहेर पाऊल टाकलं तर घर विकलं जाणार होतं, पण वॉकर घेऊन टाकलं तर नाही. त्यांनी वॉकर कोटांच्या मागे ढकलला आणि कपाटाचं दार उघडलं.

"अगंबाई, आलात पण तुम्ही! मी आत आवराआवर करत होते."

इला दचकली, पण लगेच वाकून तिनं नमस्कार केला. "आई, या बघा, इथल्याच काकू."

काकू पलंगाच्या कडेला हात लावत, मग भिंतीला, मग फ्रिजला, स्वयंपाकघरातल्या देवापर्यंत गेल्या. प्रत्येक पावलाला गुडघ्यात सुया टोचत होत्या. त्यांनी कुंकवाचा करंडा उचलला आणि मागोमाग फोन घेऊन आलेल्या इलाच्या कपाळाला बोट लावलं.

"सवाष्णीला अशी कोरी पाठवत नाही मी," त्या फोनकडे बघून हसल्या. "पस्तीस वर्षं झाली हो इथे. बघताय ना?"

"बघतेय. छान आहात हो अगदी," नागपूरचा आवाज मऊ झाला. "शिव, त्या एजंटबाईंशी बोलून घे बरं."

शिव घाईघाईनं खाली थांबलेल्या एजंटबाईंकडे निघाला. जिन्यावर त्याची पावलं धडधडत खाली उतरताना ऐकू आली. काकू करंडा जागेवर ठेवायला वळल्या आणि गुडघ्यानं दगा दिला. करंडा हातातून सुटून फरशीवर आपटला. काकूही पडल्याच असत्या, पण इलानं त्यांच्या काखेत एक हात घालून त्यांना सावरलं.

तेवढ्यात तिची नजर बेडरूमच्या उघड्या कपाटात गेली. कोटांच्या खालून वॉकरची चाकं दिसत होती. तिनं काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दिशेचं काही नाही गं," त्या कशाबशा कुजबुजल्या. "जिने आहेत. तुझ्या वयात ते मोजावेसेसुद्धा वाटत नाहीत."

"काय पडलं गं?" फोनमधून आवाज आला. "इला? काकू बऱ्या आहेत ना?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. झालं, हेही गेलं.

"काकू, हसा," त्यांच्या कानाशी इला पुटपुटली.

तिनं फोन दोघींचे फक्त चेहरे दिसतील इतका जवळ धरला. दुसऱ्या हातावर काकूंचं सगळं वजन आलं होतं.

"ठणठणीत आहेत, आई," ती म्हणाली.