सहा रविवारांची शिकवणी

"साखळी गाडीतच ठेवून या, काका," बाई फाटकातूनच म्हणाल्या.

उस्तादांनी हातातल्या साखळीकडे पाहिलं. बत्तीस वर्षं त्यांनी राखणीची कुत्री तयार केली होती. उस्तादांचं कुत्रं आहे म्हटलं की चोर दुसरी गल्ली धरायचे. आणि ही कालची पोर त्यांना साखळी ठेवून या म्हणत होती.

ते माघारी फिरलेच असते. पण मुलीला शब्द दिला होता.

मुलगी लग्न करून लांब गेली ती गेलीच. आई वारली तेव्हा आली, तीन दिवस राहिली. त्यानंतरच्या दोन वर्षांत नुसते फोन, तेही कामापुरते. गेल्या आठवड्यात मात्र तिनं आपणहून विषय काढला. "बाबा, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, कुत्र्यांना शिकवतात. त्यांच्याकडे एक कुत्री आहे. सहा रविवार जाल? पण त्या सांगतील तसं. तुमच्या पद्धतीनं नाही."

"मी? आता मला कुत्रं शिकवायला शिकवणार?"

"माझ्यासाठी जा."

मुलीनं कधी काही मागितल्याचं उस्तादांना आठवेना. ते हो म्हणाले.

कुत्री पिवळसर होती, मध्यम चणीची. अंगणातल्या बाकाखाली बसली होती. उस्तादांनी छाती काढून हुकूम सोडला, "इकडे ये!" कुत्री उठली आणि उघड्या दारातून सरळ घरात निघून गेली.

"ते दार लावून घ्या."

"दार उघडंच राहील. थांबायचं असेल तर ती थांबेल."

"अशानं कुत्रं डोक्यावर बसतं, बाई. पहिल्याच दिवशी मान दाबून जमिनीला टेकवायची. मालक कोण ते एकदा कळलं की जन्मात विसरत नाही."

"नाही विसरत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

तो अख्खा तास उस्ताद तळहातावर उकडलेल्या कोंबडीचे तुकडे घेऊन जमिनीवर बसले, तेही कुत्रीकडे पाठ करून. कचेरीबाहेर ताटकळणाऱ्या माणसासारखे. कुत्री काही बाहेर आली नाही.

दुसऱ्या रविवारी ती हातभर अंतरावर येऊन परत फिरली.

"काय वाटलं?" बाईंनी विचारलं.

"राग आला. दुसरं काय वाटणार?"

"अंगात कुठं आला?"

हा काय प्रश्न झाला? उस्तादांना हसू आलं. पण घरी जाताना त्यांनी जबडा चाचपून पाहिला. दगडासारखा घट्ट होता.

तिसऱ्या रविवारी तिनं त्यांच्या हातावरचा तुकडा उचलला. ओलं नाक तळव्याला लागलं आणि उस्ताद बावरले. शेकड्यांनी कुत्री हाताखालून गेली, पण न बोलावता त्यांच्याजवळ आलेलं एकही आठवेना. बोलावलं की यायची, पोट जमिनीला घासत. त्याला ते वचक म्हणायचे. चारचौघांत फुशारकीनं सांगायचे.

चौथ्या रविवारी ते चष्मा बाकावर ठेवून हात धुवायला गेले. परत आले तर चष्म्याची काडी कुत्रीच्या तोंडात.

हात आपोआप वर गेला.

कुत्री पळाली नाही. कान मागे पाडून, डोळे गच्च मिटून जागच्या जागी थिजली. बाई ताडकन उठल्या. उस्तादांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, जमिनीवर बसले आणि तो मांडीखाली दाबून धरला.

"माझ्याकडे येण्याआधीचं आहे ते तिचं," बाई हळूच म्हणाल्या.

"असे मिटलेले डोळे मी पाहिलेत."

"कुत्र्यांचे?"

उस्तादांनी नकारार्थी मान हलवली. "पाढे चुकले की ती पळायची नाही. अशीच उभी राहायची, डोळे मिटून. लोक म्हणायचे, पोरीला काय वळण लावलंय! आणि मला, बाई... मला अभिमान वाटायचा हो."

बाईंनी वही मिटली. त्या दिवशी पुढं काही शिकवलं नाही.

त्या आठवड्यात उस्तादांनी चार वेळा मुलीला फोन लावायला घेतला आणि चारही वेळा ठेवून दिला. आता काय सांगायचं आणि कुठल्या तोंडानं?

पाचव्या रविवारी कुत्रीनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. उस्तादांनी हात पुढं केला, पण तिला लावायचा धीर होईना. तासभर ते तसेच बसून राहिले, पाय बधिर होईपर्यंत.

सहाव्या रविवारी ते अर्धा तास आधीच येऊन फाटकापाशी उभे होते. कुत्री शेपूट हलवत धावत आली आणि त्यांच्या पायांत घोटाळू लागली. उस्तादांनी तिच्या कानामागं खाजवलं, अगदी दोन बोटांनी.

"मुलीला तुम्हीच कळवा, बाई," ते खाली मान घालून म्हणाले. "कुत्री माणसाळली म्हणावं. मला तिच्याशी बोलायला तोंड नाही."

"कुत्री माझीच आहे, काका. सहा वर्षं आहे माझ्याजवळ. तिचं शिकणं केव्हाच झालंय."

उस्ताद बघतच राहिले. "मग हे सहा रविवार?"

"तुमच्या मुलीनं मला एवढंच विचारलं होतं, बाबांचा हात आता थांबतो का, ते बघून सांगा. काल मी तिला कळवलं." बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बाईंनी फाटकाची कडी काढली. "ती एकटी आलेली नाही. तुम्हाला नातू आहे, काका. आठ महिन्यांचा."