शिस्तीच्या पेशी

माणसाचं कूळ त्याच्या पेशीपेशीत उतरलेलं असतं. म्हणूनच देगू शहरातल्या शाळेत पालकांसाठी ठेवलेल्या विज्ञानाच्या तासाला मिसॉनबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. हानुलला डॉक्टर करायचं त्यांनी तो पोटात असतानाच ठरवलं होतं. "त्याला झेपायचं नाही," हे नवऱ्याचं म्हणणं आज कायमचं खोडून काढायचं होतं.

मुलांनी गालाच्या आतून खरवडून पेशी काचेवर घेतल्या होत्या. पहिल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताच मिसॉनबाईंनी शेजारच्या गॉनूच्या आईला कोपरानं ढोसलं.

"बघा, कशा ओळीनं बसल्यात! एक म्हणून वाकडी नाही. आमच्या माहेरची शिस्तच तशी."

मग त्या दुसऱ्यात डोकावल्या आणि चुकचुकल्या. "अगंबाई! एक इकडे लोळतेय, एक तिकडे. वाईट वाटून घेऊ नका हं, गॉनूच्या आई. सुधारतात मुलं."

सरांनी घसा खाकरला. "हानुलच्या आई, त्या लोळणाऱ्या तुमच्या हानुलच्या आहेत."

मिसॉनबाईंचा आवाज एकदम खाली आला. "मग त्या ओळीतल्या... गॉनूच्या?"

"नाही. तो कांदा आहे."