तीन ठोके

पर्थच्या वेशीवरच्या नव्या स्टेशनच्या आराखड्यात दलदलीकाठची ती जुनी नीलगिरी नेमकी पार्किंगच्या जागेत येत होती. तिच्या उंच ढोलीत काळ्या काकाकुव्याची मादी अंड्यावर बसलेली दिसली, तर झाडाला आणि मागच्या दलदलीला यंदा हात लागणार नव्हता. म्हणून पाहणीला आलेल्या ब्रॉन्विनने काठी उचलली. बुंध्यावर ठोका मारला की मादीला वाटतं घोरपड चढतेय, आणि ती घाबरून डोकं बाहेर काढते. नियमाने ठोके फक्त तीन.

पहिला ठोका. ढोली गप्प.

"आजोबा, तुमची भाडेकरीण घर सोडून गेली वाटतं," स्टेशन बांधणाऱ्या कंपनीचा वॉरिक लाल रंगाचा डबा खुळखुळवत म्हणाला.

"आतच आहे ती! पोरी, जोरात मार," पलीकडच्या गल्लीतला म्हातारा क्लेम ओरडला.

दुसरा ठोका. मग ब्रॉन्विनने सगळा जीव एकवटून तिसरा हाणला. वर काहीच हललं नाही. वॉरिकने बुंध्यावर तोडणीची लाल फुली ओढली.

"तुम्ही तिला नक्की पाहिलंत ना?" ब्रॉन्विनने हळूच विचारलं.

"म्हणजे काय! पहिल्या आठवड्यात ठोकलं की लगेच डोकं काढायची."

"आणि नंतर?"

"नंतर नाही काढलं." क्लेमची नजर तिच्या हातातल्या काठीवर गेली आणि तिथेच थिजली. "मी रोज सकाळी ठोकत होतो गं. ती सुखरूप आहे ना, एवढंच बघायला."