ड्रॉवरमधली सही

सीएसाहेबांनी ड्रॉवरमधल्या ढिगातून माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेला पेनड्राइव्ह काढला. त्यात माझी डिजिटल सही असते.

"यंत्रं विकली, गाळा सोडला, मुलगा मस्कतला गेला," मी म्हणाले. "मेलेल्या मसाला कंपनीचं दरवर्षी श्राद्ध घालायचं का?"

"सरकारदरबारी ती जिवंत आहे, मावशी. दरवर्षी विवरणपत्र भरायचंच. बंद करायची तर आधी मुलाने थकवलेली जुनी वर्षं दंडासकट भरा."

"मग मला तरी मोकळं करा."

"कंपनीला दोन संचालक लागतात. तुम्ही सुटायचं, तर तुमच्या जागी दुसरं कुणीतरी द्या."

"माझं नाव घाला," शेजारी बसलेली सून म्हणाली. "आईंना झोप लागत नाही हो." तिने पर्समधून आधारकार्ड काढलंसुद्धा.

मला संचालक करताना मुलगाही असंच सहज म्हणाला होता, आई, नुसती एक सही कर. पन्नाशीत बाराखडी गिरवून शिकलेली सही मी केवढ्या ऐटीत केली होती!

मी कार्ड परत सुनेच्या पर्समध्ये घातलं, चेन ओढली.

"यंदाचंही माझ्याच नावाने भरा."

त्यांनी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. पडद्यावर माझी सही उमटली. माझा हात तेव्हा सुनेच्या पर्सवर घट्ट होता.