आसियानं घासलेली घोडी

मिरजेत तंबोरे बनवणारे चांदसाहेब न्यूमोनियानं आठवडाभर श्वासाच्या नळीवर, औषधाच्या झोपेत होते. "ह्यांना निजू द्या," त्यांच्या पत्नी अख्तरबींनी डॉक्टरीणबाईंना विनवलं. "झोपेत माणूस बरं हुतं." "ही झोप वेगळी, मावशी. हिच्यात अंगातले राखणदारही पेंगतात. जंतूंशी लढायचं कुणी? औषध कमी करते. पण जागे होताना नळी उपटतील, हात बांधावे लागतील." "बांधू नका," म्हणत लेक आसियानं पिशवीतून तंबोऱ्याची घोडी काढली. तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी, तिनं पहिल्यांदाच एकटीनं घासलेली. दुपारी अब्बांचे डोळे उघडले. हात नळीकडे निघाला. तिनं वाटेतच धरला, घोडी तळव्यावर ठेवली. अंगठा तिच्यावरून फिरू लागला. एका जागी अडला. अब्बांनी कपाळाला आठी घालून घोडी परत सरकवली. "खडबडीत हाय व्हय?" आसिया रडत हसली. "आणते घासून. तवर जागं ऱ्हावा."