आखूड बोल्ट

सुनेचा भाऊ सकाळपासून बॉनेटमध्ये डोकं खुपसून होता. नवा वॉटर पंप बसला आणि गाडी चालू झाली, की तो बहिणीला आणि भाचीला घेऊन जाणार होता. चार दिवसांसाठी नाही, कायमचं. सामान दाराशी येऊन पडलं होतं.

सासू शेडमध्ये उपड्या खोक्यावर बसली होती. गाडी तिच्या मुलाची. मुलगा गेला, गाडी राहिली. सून नर्स, तिला भावाच्या गावी मिळालेलं काम घरोघर फिरून आजारी माणसं बघण्याचं, म्हणजे गाडी असेल तरच मिळणारं. सासू पाहुण्याशी सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती. गप्प बसणं तिच्या स्वभावाला इतकं सोडून होतं की सून दोनदा बाहेर डोकावून गेली.

"जुने बोल्ट पार गंजले होते, काकू," भाऊ म्हणाला. "दिले भंगारात. हे बघा, कोरे करकरीत. आटे जुळवून आणलेत."

काकूंनी बघितलं. आटे जुळत होते. पण मेले सगळे एकाच लांबीचे होते.

तिचा उभा जन्म नवऱ्याच्या गॅरेजात गेला होता. नवरा गाडीखालून हात बाहेर काढायचा आणि ती न विचारता हवा तो पाना त्यावर ठेवायची. या इंजिनाला वरचे बोल्ट लांब लागतात, खालचे आखूड. खालची भोकं आतून बंद असतात. तिथे लांब बोल्ट घातला तर तो तळाला टेकतो आणि डोकं पंपापासून वरच अडून राहतं. मग न कळणारा माणूस जोर लावतो, आणि इंजिनाचं ॲल्युमिनियम बिस्किटासारखं तडकतं.

भावाने वरचे बोल्ट बसवले. खालचा बोटांनी फिरवत नेला. तो अडला.

"आत गंज असेल," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने लांब दांड्याचा पाना उचलला.

एक हिसका. तेवढ्यात सगळं होऊन जाणार होतं. असलं जुनं इंजिन आता शोधून मिळायचं नाही. पाहुण्याची रजा संपेल, तो एकटाच परत जाईल. तिकडचं काम दुसरी कुणी धरील. नातीचं, ढमीचं नाव इथल्याच शाळेत घालावं लागेल. आणि कुणी म्हणायला नको की म्हातारीने काही केलं. म्हातारीने तर हातही लावला नव्हता.

तिने खोक्याची कड घट्ट धरली.

ढमीच्या कपड्यांचं बोचकं घेऊन सून बाहेर आली. बोल्टावर चढवलेला पाना तिला दिसला. तिने भावाकडे बघितलंच नाही.

"आई, बरोबर लागतोय ना तो?"

भाऊ हसला. "अगं, त्यांना काय विचारतेस?"

"त्यांनाच विचारतेय."

सासूने आजवर पुष्कळांना पुष्कळ सुनावलं होतं. या सुनेला तर जरा जास्तच. आता एक साधं 'हो' म्हणायचं होतं, आणि जीभ उचलेना.

"काढा तो पाना," ती म्हणाली. "इंजिन आहे ते, पाहुणे. अक्रोड नव्हे."

ती उठली. अडलेला बोल्ट तिने बोटांनीच उलटा फिरवून काढला. झाडूची एक काडी मोडून तिने पंपाच्या खालच्या भोकातून आत घातली. टेकली तिथे अंगठ्याचं नख रोवलं आणि काडी बाहेर काढून बोल्टाला लावली. बोल्ट नखाच्या चांगलं अर्धं पेर पुढे आला.

भावाचं तोंड उतरलं. "म्हणजे फुटलंच असतं की! मग मघाशीच का नाही बोललात, काकू?"

"दादा, गप्प बस," सून हळूच म्हणाली.

नवऱ्याचा बोल्टांचा डबा सासूने जमिनीवर पालथा केला. एकेक उचलून काडीशी धरला. एक आखूड निघाला, पण जरा जास्तच. "हा दोनच आटे धरील. भर रस्त्यात साथ सोडील," म्हणत तिने तो बाजूला टाकला. मग मापाचे मिळाले, आणि ते मिळाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर काही दिसला नाही.

"आता वरचे पुन्हा काढा. कोरडेच ठोकून दिलेत. त्यांच्या मागे पाणी खेळतं, आट्यांतून पाझरत राहील." वरच्या बोल्टांच्या आट्यांना तिने बोटाने सीलंट फासलं. "आणि एकालाच धरून आवळू नका. थोडा हा, थोडा त्याच्या समोरचा. घाई कसली आहे?"

घाई कुणालाच नव्हती. तरी काम झालं.

रेडिएटरमध्ये पाणी भरलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. ते चांगलं तापेपर्यंत सुनेने सामान डिकीत लावलं, ढमी मागच्या सीटवर उड्या मारू लागली. मग भावाने इंजिन बंद केलं.

सासू चाकापाशी गुडघे टेकून बसली. खालून हात घालून तिने पंपाच्या पोटाखाली तळवा पसरला.

"झालं, काकू?"

"थांबा."

तिने तळवा बाहेर काढून बघितला. पुन्हा आत घातला. ढमी काचेवर नाक चेपून तिला हाका मारत होती.

"आई," सून तिच्याशेजारी वाकली, "गळतंय का?"

"नाही," सासू म्हणाली, आणि हात तसाच पंपाखाली धरून बसली.