जहाजाची वास्तुशांत

दिगूशेठनी भंगारातली युद्धनौका तुकडे करून आणवली आणि आपल्या आमराईखाली पुन्हा जोडून चक्क पुरली. अणुबॉम्ब पडला, की वर्षभर आत सुखात राहायचं, असा बेत. आतल्या जागांचं वाटपही झालं होतं. त्यात आमदारांचे मेहुणे आले, क्लबातले पत्तेवाले आले, शेठचं मांजरही आलं. शेठच्या बायकोच्या, शालिनीबाईंच्या, आईला मात्र जागा नव्हती.

"त्यांचं वय झालं आता," शेठ म्हणाले. "जगबुडीत ज्याचा जीव त्याला प्यारा. तुझी जागा पक्की आहे ना? मग झालं तर!"

आज जहाजाची वास्तुशांत होती. शेठना होम आणि हवाबंद दाराची चाचणी एकाच मुहूर्तावर उरकायची होती.

"अहो, दार लावलंत तर धूर कोंडेल," शालिनीबाई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय जहाजातलं?"

दार लागलं, समिधा पेटल्या, वर तुपाची धार पडली. बघता बघता शेजारचा माणूस दिसेना. मेहुणे गुरुजींना तुडवत शिडीकडे धावले. शालिनीबाईंनी शिडीला हात घातला, तोच त्यांच्या खांद्यावर पाय देऊन शेठ सगळ्यांच्या आधी वर पोचले.

आमराईत खोकत खोकत ते म्हणाले, "धुराचं तेवढं बघायला हवं. बाकी सोय झकास!"

शालिनीबाईंनी खांद्यावरचा पावलाचा ठसा पदराने पुसला.

"माझीही जागा द्या कुणाला तरी. बॉम्ब पडेल तेव्हा मी आईकडे असेन. वर, माणसांत."